रियालची भवानी

वेल्ह्याच्या डोंगरात वारा असा सुटतो की माणसानं बोललेला शब्द आधी तोरण्याला जाऊन येतो आन् मग समोरच्याच्या कानात पडतो. म्हणून तिथली माणसं मोठ्यानं बोलतात आन् थोडं बोलतात. धोंडाबाई मात्र मोठ्यानं आन् लई बोलायची. ऐकायला कोणी उरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वाडीतली घरं एकेक करून खाली उतरली. सावळाराम पुण्याला वॉचमन झाला, मंगलनं शिवऱ्याला हायवेवर वडापावची गाडी टाकली, गेनबानं विंझरात पत्र्याची खोली बांधली, भिमानं घराला कुलूप लावलं. वर राहिली धोंडाबाई, तिची चार शेरडं आन् बिरोबाचं ठाणं. बिरोबाशी ती बोलायची, पण देव झाला तरी धनगराचा देव. तो काय उलटून बोलायचा न्हाई.

बोलणारा होता तो मस्कतला. तिचा एकुलता एक ल्योक, धनाजी. गड्यानं काय करावं? घरची शेरडं विकून विमानाचं तिकीट काढलं, समुद्र ओलांडला, आन् तिकडं जाऊन एका अरबाची शेरडं राखायला लागला. धोंडाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "तिकडची शेरडं आरबीत वरडत्यात. धनाजीला आधी सा म्हैने कळंचना भुकेली कंची आन् आजारी कंची." ऐकणारा हसायचा. पण नवी माणसं हसायच्या आधी थोडा इचार करायची, आन् तेवढ्यावर धोंडाबाई खूश.

धनाजी गेला तेव्हा एका रियालला एकशे छप्पन्न रुपये यायचे. विंझरच्या फाट्यावर एसटीत चढताना तो म्हणाला होता, "आये, दोनशे झाला की कायमचा येतो बघ. चांगली पन्नास शेरडं घिऊ, वरच्या वावराला बांध घालू."

तेव्हापासून म्हातारी दोनशेची वाट बघायला लागली. मधे दोनदा तो रजेवर येऊन गेला. दुसऱ्या खेपेला निघताना खिशात चुकून राहिलेली एक रियालची नोट त्यानं तिच्या मुठीत दिली. "राहू दे तुला, आठवन." तिनं ती पिठाच्या डब्यात ठेवली. त्यामुळं नोटेला कायम नाचणीचा वास यायचा.

कोरोना सरला आन् एक दिवस रियालनं दोनशे ओलांडले. म्हातारीनं घर सारवलं, कुडाला नवी माती लावली, शेरडांच्या गळ्यातले घुंगरूसुद्धा चिंचेनं घासले. धनाजीचा फोन आला, "आये, आता चढतोय तर थांबतो जरा. सव्वादोनशे झाला की निघतोच."

सव्वादोनशेही झाला. मग तो म्हणाला अडीचशे.

धोंडाबाई शाळेत गेली नव्हती, पण बाजारात गेलेली होती. तिला एक कळलं, हा असाच चढत राहिला तर पोरगा यायचा न्हाई. तेजीत कोण बाजार सोडून घरला येतं? भाव पडला पायजे. पडला की माणूस गाठोडं बांधतो.

म्हणून ती दर दोन-तीन दिवसांनी डोंगर उतरून विंझरला यायची, सोमेश्वरच्या किराणा दुकानात दूध घालायची आन् फळीला टेकून विचारायची,

"सोमेश्वरा, आज काय भाव?"

"कांद्याचा का रियालचा?"

"कांदा मस्कतला गेलाय का?"

सोमेश्वर हात पुसायचा, मोबाईल काढायचा. "दोनशे तेहतीस."

"तरीच. आज मोरी शेरडीनं दूध चोरलं. रियाल चढला की ती आटती."

"आजी, शेरडीला रियाल कळतो व्हय?"

"तुला मोबाईल लागतो, तिला लागत न्हाई, येवढाच फरक."

ही गोष्ट पुढं अशी पसरली की विंझरात ज्यांची ज्यांची पोरं आखाताला होती, ती माणसं मोबाईलच्या आधी मोरीची चौकशी करायला लागली. एकानं म्हणे मोरीनं दीड शेर दूध दिलं म्हणून पोराला कळवलं, 'चार दिवस पैसे धाडू नको, भाव पडलाय.' आन् खरंच पडला होता म्हणे. खरं-खोटं मोरीला ठाऊक.

सोमेश्वर तसा मायाळू. पण एक दिवस त्याला शहाणपण सुचलं.

"आजी, एक सांगू का? त्यो रियाल चढतबी न्हाई आन् उतरतबी न्हाई. त्येला डालरच्या खुट्याला बांधून ठिवलाय. किती वर्सं झाली, जागचा हाललाच न्हाई. खाली जातो त्यो आपला रुपया."

धोंडाबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. "म्हंजे त्यो हाय तिथंच हुभा."

"हां."

"आन् आपूनच उताराला लागलोय."

"तसंच म्हना."

म्हातारीनं फळीवरचे पैसे कनवटीला लावले. दुधाची किटली उचलली आन् चालायला लागली. एरवी चढ चढताना ती वाऱ्याशी भांडायची, 'जरा सरक की मेल्या, म्हाताऱ्या माणसाला वाट दे.' त्या दिवशी वारा आपणहून आडवा आला, तरी तिनं त्याला एक शिवी दिली न्हाई.

पण गप बसणं तिच्या हाडात नव्हतं. घुगऱ्या शिजवता शिजवता तिला आठवलं, शेरडांच्या बाजारात भाव कसा ठरतो ते. सकाळी पहिला सौदा होतो, ती भवानी. ती ज्या भावाला तुटली, त्याच्या आसपास दिवसभर बाजार फिरतो. भवानी पडती झाली की दुपारपर्यंत सगळे व्यापारी तोच भाव धरून बसतात. तिचा मालक असताना असाच एकदा कोणा अडल्या गड्यानं सकाळी सकाळी बोकड मातीमोल दिला होता, आन् पार संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराचं तोंड वाकडं.

म्हणजे रोज उजाडता कोणीतरी हावरा पहिला रियाल चढ्या भावानं विकत असणार! दुसरं काय? ती भवानी पाडली की झालं. आन् रियाल तर तिच्या पिठाच्या डब्यात होता.

बँकेत जायचा इचार तिनं केलाच न्हाई. बँकेत भाव आधी ठरवून ठेवलेला असतो, तिथं जाऊन काय घासाघीस करणार? भाव जिथं जन्माला येतो तिथं गेलं पायजे.

सारोळ्याला, नीरेच्या पुलाच्या अलीकडं, शेरडांचा बाजार भरायचा. सोमेश्वरच्या मेव्हण्याचा टेम्पो विंझरहून पहाटेचा माल घेऊन निघायचा. म्हातारी त्यात मागं शेरडांत जाऊन बसली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, फुडं या की केबिनमधी. न्हाईतर बाजारात तुमचाबी भाव करतील."

"करू दे की. तेवढंच कळंल तरी."

बाजारात पोचली तेव्हा दावणी बांधून होत होत्या. चहाचं पहिलं पातेलं उतरलं होतं. लिंबाखाली कोंडिबा बसला होता. कोंडिबा म्हणजे त्या बाजारातला सगळ्यात जुना दलाल. मुंडासं, कानात बाळी आन् खांद्यावर पांढरं उपरणं. सौदा करायचा झाला की तो उपरणं दोघांच्या हातांवर टाकायचा, आन् खाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की शंभर, चिमटीत दाबलं की दहा, असा काय तो हिशेब. वर चेहरा दगडाचा. खाली काय ठरलं ते दोघांना ठाऊक आन् उपरण्याला.

"कोंडिबा, भवानी झाली का?"

त्यानं डोळे बारीक केले. "धोंडाबाई? आगं, किती वर्सांनी! मालक गेल्यापास्नं पयल्यांदाच का? जनावर कुठंय?"

धोंडाबाईनं कमरेची पिशवी सोडली आन् नोट काढली. कोंडिबानं ती उजेडात धरली, उलटी केली, वास घेतला.

"ह्ये कंचं जनावर म्हनायचं? पाय किती?"

"पायच न्हाईत, तरीबी लई लांब पळतं. मस्कतचा रियाल हाय. टाका उपरनं."

आजूबाजूचे दोन-चार व्यापारी जवळ सरकले. कोंडिबा हसला, पण भवानीचं गिऱ्हाईक परत लावायचं नसतं. परत लावलं की दिवस वाया जातो, असा बाजाराचा नेम. त्यानं उपरणं टाकलं.

खाली त्यानं तिचा हात धरला. जाड, खरखरीत, उबदार हात.

धोंडाबाईला तिची बोटं चालवायची होती. एक शंभर, पाच दहा, वर सहा. एकशे छप्पन्न. धनाजी एसटीत चढला त्या दिवसाचा भाव. पण बोटं काही चालेनात. तिला एकदम जाणवलं की तिचा हात कोणीतरी धरलाय. विंझरात सोमेश्वर दुधाचे पैसे फळीवर ठेवायचा. एसटीचा कंडक्टर तिकीट दोन बोटांत धरून द्यायचा. शेरडं अंगाला घासायची, पण शेरडाला हात नसतात. धनाजी गेल्या रजेला पाया पडला होता, तेवढंच.

कोंडिबा वाट बघत होता. मग त्यालाही काहीतरी कळलं असावं. त्यानं बोटांचा हिशेब सोडून दिला आन् नुसताच हात धरून बसला. चेहरा मात्र दगडाचाच. मधूनच मान हलवायचा, जसा काय मोठा सौदा अडलाय. बघणारे आणखी जवळ सरकले. "लई ताणलंय म्हातारीनं," कोणीतरी कुजबुजलं. चहावाल्यानं पातेल्याखालचा जाळ कमी केला, का तर एवढा सौदा व्हायच्या आत चहा उतू जाऊ ने.

शेवटी धोंडाबाईनं नाक ओढलं आन् बोटं दाबली. एक. पाच. सहा.

"येवढ्यानं?" कोंडिबा हळूच म्हणाला. "आगं, ह्याचा भाव दोनशेच्या वर हाय. माझा नातू सांगतो."

"म्हाईत हाय. ह्याच भावानं घ्या."

"तुला खोट खाऊन काय मिळायचं?"

"घ्या म्हनते ना. भवानी हाय."

त्यानं पैसे मोजले, नोट मुंडाशात खोवली आन् उपरणं खांद्यावर टाकलं. सौदा झाला. व्यापारी पांगायला लागले. आन् तेव्हा धोंडाबाईच्या ध्यानात आलं, की उपरण्याखाली ठरलेला भाव कोणाला ऐकूच गेला न्हाई! मग बाजार पडायचा कसा?

"कोंडिबा, वरडा की!"

"काय वरडू?"

"भाव! कितीला दिला त्यो!"

"खुळी का काय? उपरन्याखालचा भाव कुनी वरडतं व्हय? माझ्या बापानं न्हाई सांगितला कधी."

"तुमच्या बापाचा ल्योक मस्कतला नव्हता."

कोंडिबानं तिच्याकडं बघितलं. मग उठून उभा राहिला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आन् सबंध बाजाराला, पुलाला, हायवेवरच्या ट्रकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोंबलला, "रियाऽऽल! एकशे छप्पन्न! भवानी झालीऽऽ!"

बाजार हसला. "मला दोन द्या!" कोणीतरी ओरडलं. "माझ्या बोकडाबरुबर बदलता का?" दुसरा. म्हातारी मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती, गड जिंकल्यासारखी.

कोंडिबानं तिला चहा पाजला. बशीत ओतता ओतता म्हणाला, "माझा एक चुलता व्हता. मुंबईच्या गोदीतनं मस्कतला गेला. त्यो सांगायचा, तवा तिकडं आपलाच रुपया चालायचा. पार सत्तर सालापातूर."

"आपला? ह्योच?"

"ह्योच म्हन की. नोटंचा रंग येगळा असंल. पर एकाला एक."

धोंडाबाईची बशी हातातच राहिली. एकाला एक! म्हणजे जायचं कारण न्हाई, राहायचं कारण न्हाई. तिकडं कमावला काय आन् हिकडं कमावला काय.

"मंग तुमचा चुलता लवकरच आला असंल माघारी."

कोंडिबानं उरलेला चहा बशीत ओतला.

"न्हाई. त्यो तिकडंच ऱ्हायला."

एवढ्यात समोर गलका झाला. एका गड्यानं काळीभोर, लांब कानांची शेळी आणली होती. दोन व्यापारी मागं लागले होते. गडी काही केल्या उतरेना. वीस हजार म्हटलं तर पंचवीस सांगायचा, पंचवीस म्हटलं तर तीस.

"येडा हाय का त्यो?" धोंडाबाई म्हणाली.

"येडा कशाचा. त्येला इकायचीच न्हाई. बाजारात आलाय तर न्हाई म्हनवत न्हाई, म्हनून भाव चढवतोय." कोंडिबानं बशी उपडी ठेवली. "अशा गड्याला ताणू ने. जनावर चांगलं हाय म्हनायचं आन् वाटंला लागायचं."

धोंडाबाईनं चहा संपवला. तो गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती विंझरला गेली. सोमेश्वर तिची वाटच बघत होता, कारण सारोळ्याची बातमी टेम्पोनं कधीच वर आणली होती.

"आजी! पडला की वो! अकरा पैशानं पडला!"

दुकानातली गिऱ्हाइकं टाळ्या पिटायला लागली. एक जण म्हणाला, आजीला मुंबईला न्या, मोठ्या बँकेत बसवा. धोंडाबाईही हसली. पण नेहमीसारखी मोरीची गोष्ट काही सांगितली न्हाई. मीठ घेतलं आन् वर निघाली.

शुक्रवारी धनाजीला सुट्टी असायची, तेव्हा तो फोन करायचा. वाडीत मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी यायची, ती शेरडांच्या गोठ्यात, उजव्या कोपऱ्यात. धोंडाबाई लेकाशी बोलायची ती मोरीच्या पाठीला पाठ लावून.

"आये, सारोळ्यात काय धिंगाणा घातलास म्हनं? सोमेश्वरचा मेसेज आला. हितं समदी पोरं हसत्यात."

"भाव पाडला."

"अकरा पैशानं!"

"सुरुवात हाय. म्या रोज जाते म्हटलं तर?"

तो हसला. मोठ्यानं, मनापासून, लहानपणी दगडावरून ओढ्यात उडी मारताना हसायचा तसा. मग म्हणाला, "आये, आता अडीचशे काय लांब न्हाई. झालं की..."

"आन् झाला मंग?"

"झाला की बघू."

"धनाजी."

"काय?"

"समज, तीनशे झाला."

पलीकडं शेरडं ओरडत होती. तिकडची, अरबाची. ती आरबीत ओरडत न्हाईत, हे धोंडाबाईला कधीचंच ठाऊक होतं.

"मंग... साडेतीनशेपातूर बघू म्हन की," धनाजी म्हणाला. हसत हसतच म्हणाला, आन् लगेच एका शेरडाला हाकलायला लागला.

धोंडाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला आतून लई शब्द येत होते. मी म्हातारी झाले, येत होतं. रात्री बिबट्या दाराशी खोकतो, येत होतं. वाडीत आता माझ्याशिवाय कोणाच्याच घरातून धूर निघत न्हाई, तेही येत होतं. वारा कसा, सगळे शब्द आधी घेऊन जातो आन् मग आणून टाकतो, तसं ते सगळे फिरून परत तिच्याच तोंडाशी आले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जनावर चांगलं हाय तुजं. जप."

"कंचं जनावर? आये?"

"काय न्हाई रं."

 त्याला कळलं का न्हाई, देव जाणे. पण तोही बाजारात वाढलेला होता, बापाच्या खांद्यावर बसून उपरण्याकडं बघत.

"आये, रागावलीस?"

"कशापायी? हे बग, आता भाव नगं सांगत जाऊ मला. लई झालं भावाचं. जेवलास का, काय जेवलास, ते सांग."

"जेवलो. भात आन् वरान. म्हंजे मसुरीचं. एक मल्याळी पोरगं करतं. त्येला हिंग घालायचा म्हाईतच न्हाई."

"हिंग न्हाई? मंग वरान कसलं ते, पिवळं पानी!"

"तेच म्हनतो म्या. आन् खजूर. खजूर लई. आता तर खजूर बघितला तरी दात दुखत्यात."

मग तो बोलतच राहिला. मल्याळ्याच्या भाताचं, अरबाच्या म्हाताऱ्या आईचं, ती त्याला 'या वलदी', म्हंजे 'माझ्या लेकरा', म्हणून हाक मारते त्याचं, एका पांगळ्या करडाचं, त्याला तो रात्री आपल्या खाटेखाली निजवतो त्याचं. इतक्या वर्षांत तो एवढं कधी बोलला नव्हता. आधी भाव सांगायचा, मग फोन कापायचा. धोंडाबाई हुं हुं करत ऐकत होती. पाठीमागं मोरी रवंथ करत होती.

"आन् तू गं?" त्यानं विचारलं. "तू काय जेवलीस?"

धोंडाबाईनं सकाळी नाचणीची भाकरी आन् ठेचा खाल्ला होता. दुपारी काहीच न्हाई, कारण एकट्यासाठी परत तवा कुठं टाका.

"आरं, आज तर पंगत व्हती!" ती म्हणाली. "सावळाराम आला पुन्याहून, बायकूला घिऊन. त्येच्या मागनं मंगल आली, शिवऱ्याची, वडापावाची पाटी डोक्यावर घिऊन. भिमाच्या घराचं कुलूप निघालं. गेनबाची सून तर आल्या आल्या चुलीम्होरं बसली, म्हनली, धोंडामावशी, तुमी उठा. गूळ घालून सांजा केला. पुऱ्या तळल्या. समदी बिरोबाच्या म्होरं बसली पंगतीला, पार त्या वरच्या खडकापातूर. एवढी गर्दी की वाऱ्याला वाट मिळंना, त्यो बिचारा खाली विंझरला जाऊन बसला."

"खरंच का आये?"

"मंग काय खोटं सांगते व्हय?"

धनाजी हसला. पण आता हलकं. मग त्यानं नाक ओढलं.

"मला ठेवलंस का काय?"

"ठिवलंय की," धोंडाबाई म्हणाली.

आन् हे तेवढं खोटं नव्हतं. चुलीशेजारी पाटीखाली एक भाकरी झाकलेली होती.